भाड्याचा फ्लॅट, करारातलं एक कलम आणि सिगारेटचा धूर

सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर लागू आहेत. पण ते फ्लॅटच्या दाराशी थांबतात. आत काय चालेल हे मालक आणि भाडेकरूने आपसात ठरवायचं. पुण्या-मुंबईत ते ठरवायची जागा म्हणजे लिव्ह अँड लायसन्सचा करार.

तोंडी ठरवलेलं टिकत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. म्हणून ऑनलाइन नोंदणीचा मसुदा येईल तेव्हाच त्यात ‘घरात धूम्रपान नको’ हे कलम घालून घ्या. एजंटच्या ठरलेल्या नमुन्यात ते बहुतेक नसतंच.

नुसतं ‘धूम्रपानास मनाई’ लिहून भागत नाही. सिगारेट, विडी, हुक्का, व्हेप अशी नावं घाला. (व्हेपच्या विक्रीवर २०१९ पासून कायद्यानेच बंदी आहे, तरी लिहा.) खोल्या, बाथरूम, बाल्कनी, ड्राय बाल्कनी, जिना असा जागांचा उल्लेख करा. पाहुण्यांनाही लागू, हेही. आणि उदबत्ती, धूप, होम यांना लागू नाही हे आवर्जून लिहा, नाहीतर पहिलं भांडण त्यावरूनच होईल.

बाथरूम आणि बाल्कनी का? ‘मी एक्झॉस्ट लावून ओढतो’ असं म्हणणाऱ्याचा धूर डक्टमध्ये, म्हणजे बाथरूमबाहेरच्या उभ्या पोकळीत जातो. वरच्या घरात स्वयंपाकघरातली चिमणी सुरू असली की घरातली हवा बाहेर खेचली जाते आणि तिची जागा भरायला डक्टमधली हवा बाथरूमच्या झडपेतून आत येते. बाल्कनीतला धूर वरच्या मजल्याच्या खिडकीत शिरतो. स्प्लिट एसी तर तीच हवा फिरवत बसतो. हवा शुद्ध करून किंवा खेळती ठेवून हा धोका पुरता जात नाही, असं अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या) २००६ च्या अहवालात स्पष्ट म्हटलं आहे.

मालकाला पटवायचं असेल तर तब्येतीपेक्षा रंगकामाचा विषय काढा. निकोटिनचा थर बसलेल्या भिंतीवर थेट इमल्शन मारलं तर पिवळे डाग वर येतात, वासही राहतो. ऑइल पेंट कोमट साबणाच्या पाण्याने धुता येतो, डिस्टेंपर मात्र खरवडावाच लागतो. मग डाग अडवणारा सॉल्व्हंट-बेस प्रायमर, त्यावर रंगाचे दोन हात. पडदे, गाद्या, एसीची कॉइल यांची सफाई वेगळी. डिपॉझिटमधून कापायचं ते फक्त बिलापुरतं, आणि ताबा देतानाचे भिंतींचे फोटो दोघांकडे असतील तरच.

जाहिरातीत ‘सिगारेट ओढणाऱ्यांना घर नाही’ असं लिहू नका. लोक सरळ नाही म्हणतात आणि आत येऊन ओढतात. ‘ओढत असलात तरी हरकत नाही, घरात नको’ हे खरं बोलायला वाव देतं. सध्याच्या भाडेकरूवर अकरा महिन्यांच्या मध्येच अट लादू नका. नूतनीकरणाच्या वेळी घाला. मोडली तर आधी लेखी आठवण, मग नोटीस.

आणि ओढायला जागा द्या. अमेरिकेतल्या सरकारी घरांच्या नियमात इमारतीपासून २५ फूट अंतर ठेवलं आहे. आपल्याकडे इमारतीभोवती एवढी मोकळी जागा क्वचितच मिळते. त्यामानाने गच्ची बरी. कठड्यापासून दूर, वाळू भरलेली एक कुंडी ठेवा, आणि ती रोज कोण रिकामी करणार हे आधीच ठरवा.