तीन कमी, की तीन अपुरे?

चाकणच्या एका कारखान्यात मी जपानी दुभाषी म्हणून काम करते. त्या दिवशी नवीन लाइन सुरू होणार होती. प्रेसचा दणदणाट चालू होता. ओसाकाहून आलेले ज्येष्ठ इंजिनियर तपासणीच्या टेबलाशी उभे राहून म्हणाले, "सान्निन... तारान." मधलं काहीतरी आवाजात बुडालं.

"मॅडम, तीन माणसं कमी आहेत म्हणतात ना?" प्रॉडक्शनच्या साहेबांनी विचारलं. टेबलावर तिघी जणी तपासणीला बसल्या होत्या. तीन कमी म्हणजे एकूण सहा, असा हिशेब करून त्यांनी ठेकेदाराला लावायला मोबाइल काढलाही.

'तारिरु' म्हणजे पुरणं, 'तारिनाई' म्हणजे न पुरणं, एवढं सगळेच शिकतात. ओसाकाकडे 'तारु' हे जुनं रूप अजून बोलण्यात आहे, त्यामुळे तिथे 'तारिनाई'च्या जागी 'तारान' ऐकू येतं. माझं अडलं होतं ते आकड्यापाशी. 'सान्निन तारान' म्हणजे तिघं कमी पडताहेत. 'सान्निन दे वा तारान' म्हणजे तिघं पुरणार नाहीत. एकात तीन ही तूट आहे, दुसऱ्यात तीन हे हाताशी असलेलं बळ. मराठीत आपण इथे 'कमी पडणं' आणि 'पुरणं' अशी वेगळी क्रियापदं सहज वापरतो. जपानीत क्रियापद तेच राहतं आणि सगळा भार त्या 'दे वा'वर येतो. भरभर बोलताना तर त्याचंही नुसतं 'जा' होतं. वर्गात हा भाग घाईघाईने उरकतात याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण कारखान्यात रोज लागतं ते हेच.

मी साहेबांना थांबायची खूण केली. "पुन्हा सांगता का?" असं विचारलं असतं तर तेच शब्द त्याच दणदणाटात पुन्हा बुडाले असते. म्हणून प्रश्नच बदलला. "इमा सान्निन देसु गा, झेन्बु दे नान्निन हित्सुयो देसु का?" आत्ता तिघं आहेत, एकूण किती लागतील?

"गोनिन." त्यांनी पंजा दाखवला. "आतो फुतारी."

एकूण पाच. आणखी दोघं. साहेबांनी ठेकेदाराकडे दोघंच मागितली.

दुपारी गेजचा, म्हणजे माप तपासायच्या साधनाचा, प्रश्न निघाला. आहे त्या गेजवर भागेल का, असं साहेबांनी विचारलं आणि उत्तर आलं, "मानिआइमासु." वेळेत होईल, यालाही हाच शब्द आणि भागेल, यालाही हाच. नवा गेज मागवलेला होताच, तेव्हा तो वेळेत पोचेल असाही अर्थ निघू शकत होता. "इमा नो दे देसु का?", म्हणजे आत्ताच्यावरच का, असं विचारून घेतलं. "हाई, तारिमासु," ते म्हणाले. मग मी साहेबांना निश्चिंतपणे सांगितलं, भागेल.

संध्याकाळच्या अहवालात इंजिनियरांनी माणसांसाठी स्वतःच तीन रकाने पाडले होते: गेन्झाई ३, हित्सुयो ५, फुसोकु २. असलेले, लागणारे, तुटीचे. तो तक्ता मी मराठीत करून लाइनच्या फलकावर लावला. तेव्हापासून माणसं असोत, बोल्ट असोत की ट्रे, सुपरवायझर मागणी त्याच तीन रकान्यांत लिहून देतात.