'वाह वाह' म्हणजे 'वा वा' नव्हे

इस्तंबूलच्या आशियाई किनाऱ्यावर, कादिक्योय भागात, मी काही महिने राहिले. आमच्या खालच्या मजल्यावर एक वयस्कर बाई राहत असत. त्यांना सगळे 'तेय्झे' म्हणत, म्हणजे मावशी. आई घरात घसरून पडली आणि तिच्या पायाचे हाड मोडले, असे मी त्यांना माझ्या तोडक्यामोडक्या तुर्कीत सांगत होते. वाक्य पुरे होण्याआधीच त्या मान हलवत म्हणाल्या, "वाह वाह!" मी सुन्न होऊन त्यांच्याकडे पाहत राहिले. आपण गाण्याच्या बैठकीत समेवर देतो ती दाद माझ्या आईच्या मोडलेल्या पायाला कशी काय मिळाली? मात्र त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. तुर्कीतला 'वाह वाह' हा आपला 'अरेरे' आहे, हे मला त्या डोळ्यांवरून कळले. पाठोपाठ त्यांनी "गेचमिश ओल्सुन" म्हटले. 'हे सरून गेलेले असो' असा त्याचा अर्थ असून आजारपण किंवा अपघात कळताच तो म्हणायचाच असतो.

तेव्हापासून, ओळखीचे वाटणारे उद्गारच अधिक चकवतात, असे माझे ठाम मत झाले आहे. आपण जिभेने 'च्' करतो ते हळहळून. तिथला दुकानदार भुवया उंचावून, मान किंचित मागे नेऊन एकदाच 'च्' करतो, तेव्हा त्याला सरळ 'नाही' म्हणायचे असते. मला मात्र कितीतरी दिवस वाटत होते की त्याला माझी कीव येते आहे.

'एय्वाह' आणि 'त्यूह' यांतला फरक मी धक्क्यावर शिकले. डोळ्यांदेखत वापूर, म्हणजे प्रवासी बोट, सुटून गेली की शेजारचा माणूस "त्यूह!" म्हणतो, आपण "छे!" म्हणतो तसेच. पण बोटीत बसल्यावर घराची किल्ली आतच राहिल्याचे लक्षात आले, तर तोंडून "एय्वाह!" निघते. पहिल्यात हुकल्याची चुटपुट आहे, दुसऱ्यात पुढे वाढून ठेवलेल्या संकटाची धास्ती.

नवल वाटले की आपण "काय सांगतेस!" म्हणतो, तर तुर्की माणूस "देमे!" म्हणजे 'म्हणू नकोस!' किंवा "याप्मा!" म्हणजे 'करू नकोस!' म्हणतो. "हादी या!" तर थेट आपल्या "चल, काहीतरीच!"च्या घरातला आहे, कारण 'हादी' म्हणजे 'चल'च. तरुण मुले सर्रास "ओहा!" म्हणतात, पण हा मुळात बैलांना थांबवण्याचा शब्द असल्यामुळे वडीलधाऱ्यांसमोर तो उच्चारू नये.

सर्वांत अवघड मात्र "आल्लाह आल्लाह". दुसरा शब्द लांबवून, वर चढवत म्हटला तर आश्चर्य; दोन्ही शब्द झपकन, खाली उतरत म्हटले तर वैताग; आणि स्वतःशीच हळू पुटपुटला तर 'हे असे कसे झाले बरे' हा विचार. शब्दकोशात हे सूर सापडत नाहीत. तेय्झे फोनवर बोलत असताना मी जिन्यात उभी राहून ते ऐकत असे, आणि त्यांच्या बहिणीकडची बातमी बरी की वाईट, हे मला बाकीचे एक अक्षरही न कळता ओळखता येऊ लागले.

निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे चहा घेताना माझ्या हातून पेला निसटला. मध्यभागी निमुळता असलेला तो नाजूक काचेचा पेला फरशीवर फुटला आणि माझ्या तोंडून आपोआप "एय्वाह!" निघाले. त्या काचा वेचत म्हणाल्या, "जाना गेलेजेयिने माला गेल्सिन." यातले 'जान' आणि 'माल' हे दोन शब्द मराठीतही असल्यामुळे मला अर्थ विचारावा लागला नाही: जिवावर येण्यापेक्षा मालावर येवो. आजी अशा वेळी म्हणत असे, जिवावरचे शेपटावर निभावले.