पाच घरं, ७१ रात्री

गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस शाळेतून निवृत्त झाले आणि जुलैपासून लोकांची घरं आणि त्यातली जनावरं सांभाळायला लागले. आजवर पाच घरं झाली. सगळी पुण्यातच. यात नव्याने पडणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून माझ्या वहीतल्या नोंदी इथे उतरवते आहे.

आमची कुत्री तेरा वर्षं आमच्याकडे होती. ती गेल्यावर घर खायला उठलं. पण साठीला नवं पिल्लू आणायचं नाही, हे आम्ही दोघांनी ठरवलं. लॅब्रेडॉर दहा-बारा वर्षं जगतो. तोवर आमचे गुडघे, आमची दुखणी, मग त्याला बाहेर नेणार कोण? त्यापेक्षा ज्यांना चार दिवस बाहेर जायचंय, त्यांचं जनावर त्यांच्याच घरी राहून सांभाळायचं. जनावराची जागा बदलत नाही, पिंजऱ्यात राहावं लागत नाही, आणि मला रोज सकाळी कुणीतरी दाराशी वाट बघत बसलेलं मिळतं.

परदेशात हे बरंच रुळलेलं आहे. ब्रायटनहून २०१० साली सुरू झालेलं ट्रस्टेड हाउससिटर्स हे संकेतस्थळ वर्षाची वर्गणी घेऊन घरमालक आणि सांभाळणारे यांची गाठ घालून देतं. राहणं फुकट, सांभाळणं फुकट. आपल्याकडे मात्र अजून सगळं ओळखीवरच चालतं: सोसायटीचा ग्रुप, व्हेटच्या दवाखान्यातली ओळख, नाहीतर मुलीच्या मैत्रिणीची सासू. मी पैसे घेत नाही. वाणसामान आणि रिक्षाभाडं तेवढं मालकांकडे.

पहिलं घर आमच्याच इमारतीत, चौथ्या मजल्यावर. चार रात्री, नऊ वर्षांचा लॅब्रेडॉर, नाव ब्राउनी. ओळखीचं घर, ओळखीचा कुत्रा, म्हणून मी किल्ली घेतली आणि फारसं काही विचारलं नाही. पहिल्या सकाळी ब्राउनीने खाण्याला तोंड लावलं नाही. संध्याकाळीही नाही. भांड्यापाशी यायचा, वास घ्यायचा, माझ्याकडे बघायचा आणि जाऊन पंख्याखाली पडायचा. रात्री घाबरत फोन लावला. पलीकडून काकू म्हणाल्या, "अहो, पाटावर ठेवलंत ना?" त्याची मान आणि पुढचे पाय आखडतात म्हणून गेली दोन वर्षं त्याचं भांडं लाकडी पाटावर ठेवतात. पाट ओट्याखाली उभा करून ठेवलेला होता. तो काढला, फरशीवर मांडला, त्यावर भांडं ठेवलं, आणि दोन मिनिटांत भांडं चाटूनपुसून साफ.

त्या रात्री वही केली. आता नव्या घरी किल्ली घेण्याआधी एक अख्खी संध्याकाळ तिथे बसते आणि मालक जे जे करतात ते बघते. खाणं कोणत्या वाटीने मोजतात, भांडं कुठे ठेवतात, फिरायला कोणत्या रस्त्याने नेतात, कशाला घाबरतो, गोळी कशात लपवून देतात, शी-शू रोज किती वेळा. लसींचं कार्ड मोबाइलवर घेते. व्हेटचा नंबर आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर. औषधोपचाराचा खर्च कोण करणार आणि फोन लागला नाही तर किती रुपयांपर्यंत मी होकार द्यायचा, हे मालकांच्या हाताने लिहून घेते. घराचे प्रश्न त्यानंतर: नळाला पाणी किती वाजता, गॅसचा मुख्य कॉक कुठे, इन्व्हर्टरची बॅटरी किती वेळ टिकते, कामवाल्या ताई कधी येतात. शिवाय सोसायटीच्या सचिवांना मालकांचं दोन ओळींचं पत्र, म्हणजे गेटवर रोज खुलासे करावे लागत नाहीत. एका ठिकाणी कुत्र्याला लिफ्टमध्ये नेऊ देत नव्हते. पाळीव जनावरांना लिफ्ट बंद करता येत नाही, असं भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. त्यांची प्रत मी आता मोबाइलमध्ये ठेवते.

दुसरं घर गणपतीत मिळालं. मंडळी गौरी-गणपतीला कोकणात गावी गेली आणि गोट्या बोका नऊ रात्री माझ्याकडे. मालकांची गाडी गेटबाहेर पडली तसा तो दिवाणाखाली शिरला आणि दोन दिवस बाहेर आला नाही. त्यात खाली ढोल-ताशांचा सराव. हात घालून ओढायचं नाही, एवढं मला माहीत होतं. पण मांजर किती वेळ उपाशी आहे, यावर मात्र बारीक लक्ष ठेवावं लागतं. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर यकृतावर येतं, विशेषतः अंगाने जड मांजरांना. आणि बोका लिटरमध्ये, म्हणजे शी-शूसाठी ठेवलेल्या वाळूच्या ट्रेमध्ये, जाऊन नुसता कुंथत बसला, लघवी होत नसेल, तर तासांचा हिशोब असतो, सकाळची वाट बघायची नाही. मी दिवाणाजवळ वाटी ठेवून झोपायचे, पहाटे ती अर्धी झालेली असायची. लिटरमधले लघवीचे गोळे मोजून वहीत लिहायचे. दोन असले की जीव भांड्यात पडायचा.

तिसऱ्या संध्याकाळी दिवाणाला पाठ टेकून फरशीवर बसले आणि वर्तमानपत्र हळू आवाजात वाचायला लागले, अगदी बाजारभावापर्यंत. पाऊण तासाने माझ्या चपलेवर एक पंजा आला. मी वळून पाहिलं नाही. मग डोकं आलं. नजरानजर झाली तेव्हा मी डोळे सावकाश मिटून उघडले. त्यानेही तसंच केलं. उरलेले सहा दिवस तो माझ्या उशीवर होता.

सणासुदीच्या घरांत एक गोष्ट जिवावर बेतू शकते. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे, खिरापतीतली खिसमिस, द्राक्षं, यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाला इजा होते. कांदा-लसूण आणि चॉकलेटही नाही. मांजराच्या घरात लिलीचा गुच्छ तर येऊच द्यायचा नाही, तिचे परागही विषारी असतात. आलेल्या पाहुण्यांना मी हे दारातच सांगते.

दिवाळीत पाच रात्री एक देशी कुत्री होती. उजेडात फिरवून आणायचं, सहाच्या आत खिडक्या-पडदे बंद, पंखा मोठा, गळ्यात नाव-नंबराचा बिल्ला रात्रीसुद्धा. न्हाणीघरातल्या कोपऱ्यात तिने स्वतःची जागा निवडली. मी तिथेच तिची गोधडी नेऊन टाकली.

जानेवारीतलं चौथं घर सगळ्यात लांबलेलं वाटलं, रात्री जेमतेम २१ असूनही. मालक अमेरिकेत मुलाकडे. सहाव्या दिवशी त्यांच्या कुत्र्याने सकाळचं खाणं सोडलं. कानामागे हात फिरवला तर एक फुगलेली गोचीड. हिरड्या नेहमी गुलाबी, त्या दिवशी फिकट. थर्मामीटर लावला, १०४. कुत्र्याचं तापमान मुळातच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे कपाळाला हात लावून काही कळत नाही. तिथे तेव्हा मध्यरात्र होती, फोन उचलला गेला नाही. वहीतलं त्यांचं लिहून दिलेलं पान काढलं, रिक्षा केली आणि दवाखाना गाठला. रक्त तपासलं, प्लेटलेट घसरलेल्या, गोचीडताप निघाला. २८ दिवसांचं डॉक्सिसायक्लिन. रिकाम्या पोटी द्यायचं नाही, म्हणून आधी चार घास भात-चिकन, मग गोळी, मग पाणी. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतः पट्टा तोंडात धरून आणून दिला. त्या क्षणी मला रडू आवरलं नाही. मालकांचा फोन आला तेव्हा त्यांनी खर्चाबद्दल चकार शब्द काढला नाही. ते पान आधी लिहून घेतलेलं नसतं तर मी दुपारपर्यंत फोनशीच बसले असते.

पाचवं घर मार्च-एप्रिलमध्ये, ३२ रात्री, दोन म्हाताऱ्या मांजरी आणि गच्चीवरची बाग. हे या वेळी सोबत आले. त्यांना झाडं प्रिय, त्यामुळे कुंड्या त्यांच्या आणि मांजरी माझ्या. फार लिहिण्यासारखं काही घडलं नाही, सुखाचा महिना गेला.

एक घर मी नाकारलंही. "जरा खेळकर आहे," असं सांगितलं होतं. भेटीच्या संध्याकाळी कामवाल्या ताईंच्या मनगटावर टाके दिसले. जनावर चावतं म्हणून मी नाही म्हणत नाही, लपवलं तर म्हणते. त्याच आठवड्यात मी रेबीजची आधीच घ्यायची लस सुरू केली: पहिला दिवस, सातवा, आणि मग एकविसावा किंवा अठ्ठाविसावा. ती घेतलेली असली तरी चावल्यावर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची, आणि दोन डोस पुन्हा घ्यावेच लागतात, लगेच आणि तिसऱ्या दिवशी. हे काम करणाऱ्या प्रत्येकाने ही लस घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

आता जूनमध्ये पहिल्यांदाच पुण्याबाहेर. दापोलीजवळचं कौलारू घर, दोन गावठी कुत्रे, बारा रात्री, त्याही ऐन पावसात. रविवारी तिथल्या ताईंशी व्हिडिओ कॉल ठरलाय. वहीत नवे प्रश्न लिहून ठेवलेत: वीज गेली की साधारण किती वेळ जाते, फुरशी (विषारी साप) अंगणात कुठे निघतात, जवळचा व्हेट किती किलोमीटरवर, विहिरीला कठडा आहे का. आणि कुत्र्यांची भांडी कुठे ठेवतात, ते कॅमेरा फिरवून दाखवा.