आधी आजोबांना सांगू द्या

त्या दिवशी ओपीडी तुडुंब भरली होती. आजोबा सुनेबरोबर आले. चक्कर येते म्हणून तक्रार. मधे तोल जाऊन पडलेही होते. "काय होतंय आजोबा?" मी विचारलं, आणि उत्तर सुनेकडून आलं. मानेचा एक्सरे, कानाची तपासणी, रक्ताचे रिपोर्ट, सगळी फाइल तिने नीट लावून आणली होती. आजोबा "रात्री..." एवढं म्हणाले की पुढचं ती सांगून मोकळी व्हायची. काळजीपोटीच, पण त्यांचं वाक्य काही पुरं होईना.

मी म्हटलं, "ताई, तुमचंही ऐकायचंय मला. आधी आजोबांना सांगू द्या." पेन खाली ठेवलं आणि खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

मधे बोलण्याची सवय आम्हा डॉक्टरांनाही आहे. 1984 साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी तपासणीच्या वेळचं बोलणं रेकॉर्ड करून पाहिलं, तेव्हा डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत पेशंटला तोडत होते. पुढे 2002 साली स्वित्झर्लंडमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात डॉक्टरांनी न टोकता ऐकलं, तर पेशंटचं बोलणं सरासरी 92 सेकंदांत आपणहून संपलं. ऐकत बसलो तर रांग खोळंबेल, ही भीती मला म्हणूनच पटत नाही.

आजोबांना जास्त वेळ लागला. दोन शब्द बोलायचे, थांबायचे. ही थांबण्याची जागा फार नाजूक असते. समोरचा गप्प झाला की आपल्याला वाटतं संपलं, आणि आपण पुढचा प्रश्न टाकतो. तो मात्र सांगावं की नको, या विचारात असतो. आजोबा काठीच्या मुठीवर अंगठा घासत राहिले, एकदा सुनेकडे पाहिलं. मी नुसतं "हं" म्हटलं.

मग आवाज उतरवून म्हणाले, "लघवी अडकते. दुसऱ्या डॉक्टरांनी गोळी दिलीय, झोपताना घेतो. घरी सांगितलं नाही. रात्री उठलो की अंधारी येते."

फाइलमध्ये त्या गोळीचा उल्लेखच नव्हता. प्रोस्टेटसाठीच्या काही गोळ्यांनी रक्तवाहिन्याही सैलावतात आणि उभं राहताच बीपी घसरतं. आजोबांचं वरचं बीपी झोपवून मोजलं तर 142, उभं केल्यावर तीन मिनिटांच्या आत 114. वरचा आकडा 20 ने उतरला तरी आम्ही ते गंभीरपणे घेतो.

"आता तुम्ही बोला, ताई." ती जरा थांबून म्हणाली, "संध्याकाळनंतर बाबा पाणीच पीत नाहीत. उशाशी ठेवलेलं सकाळी तसंच असतं." रात्री उठावं लागू नये म्हणून त्यांनी पाणी तोडलं होतं, आणि त्यानेही बीपी आणखी उतरत होतं. हे तिच्याखेरीज कुणी सांगू शकलं नसतं.

दिवसा पाणी वाढवा, उठताना आधी पलंगाच्या काठावर पाय सोडून थोडा वेळ बसा, असं दोघांनाही सांगितलं. मग गोळी बदलता येईल का हे विचारायला त्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला.