मॅनहॅटनमधली ओसरी आणि आईंची नवकंकरी

न्यूयॉर्कचे बाकीचे दिवस सगळ्यांचे जातात तसेच गेले, रांगा, पायदुखी, महागडी कॉफी. त्यावर काय लिहायचं! पण डाइकमन फार्महाउसबद्दल लिहायलाच हवं, कारण सासूबाईंनी तिथे जे केलं ते आमच्याकडे अजून जेवताना निघतं.

ए ट्रेनचा शेवटचा स्टॉप, 207 स्ट्रीट. बाहेर आलं की सगळीकडे स्पॅनिश, डोमिनिकन लोकांची वस्ती, आणि थोडं चाललं की ब्रॉडवेवरच्या बिल्डिंगांच्या मधे उंचवट्यावर हे बुटकं दगडी-लाकडी घर. 1784 च्या सुमारास विल्यम डाइकमनने बांधलेलं, कारण आधीचं घर स्वातंत्र्ययुद्धात गेलं. एकेकाळी अडीचशे एकर शेती होती म्हणे, उरलीय फक्त बाग. 1915 मध्ये घराण्यातल्या दोन बहिणींनी मोडकळीला आलेलं घर विकत घेतलं (एकीचा नवरा आर्किटेक्ट, दुसरीचा मेट म्युझियममध्ये चिलखतांचा क्युरेटर), डागडुजी केली आणि 1916 ला म्युझियम म्हणून शहराला देऊन टाकलं. तेव्हा हेतू 'बघा आमचे पूर्वज' एवढाच असणार असं माझं मत. आता मात्र तिथे वस्तीतल्या आज्या बाकावर गप्पा ठोकतात, पोरं हुंदडतात, बागेत कार्यक्रम होतात, आणि इथे राबलेल्या गुलामांबद्दलही म्युझियमवाले स्वतःहून बोलतात. न्यूयॉर्कमध्ये 1827 पर्यंत गुलामगिरी होती, आपण ऐकतो ते फक्त दक्षिणेचं.

तर तळघर. हिवाळ्यातलं स्वयंपाकघर तिथे आहे, मोठी चूल, ओलसर वास, मी वर जायच्या घाईत. आई (म्हणजे सासूबाई) मात्र गुडघे धरून खाली वाकलेल्या. खडकात एकात एक तीन चौकोन कोरलेले, मधे जोडणाऱ्या रेघा. "अगं, ही नवकंकरी! वाईला घाटावर खेळायचो आम्ही." म्युझियमची मुलगी म्हणाली, याला नाइन मेन्स मॉरिस म्हणतात. आईंनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

वर येऊन त्यांनी ओसरीवरच बैठक मारली, माझ्या पर्समधल्या बिलाच्या मागे पट आखला, एका बाजूला नऊ पेनी, दुसऱ्या बाजूला नऊ डाइम (दहा सेंटची नाणी), आणि शेजारी टकमक बघणाऱ्या आठ-नऊ वर्षांच्या पोराला खुणेनेच बोलावलं. भाषा शून्य. आपल्या तीन सोंगट्या ओळीत आल्या की आई त्याची एक उचलून पदराखाली टाकायच्या, तो ओरडायचा, त्याची आजी हसायची. दुसरा डाव त्याने जिंकला आणि आईंना ते अजिबात आवडलं नाही. एवढ्या वेळात 'उठा', 'इथे बसू नका' असं कुणी म्हणालं नाही, तिकीट कुणी विचारलं नाही. मला तर याचंच जास्त अप्रूप वाटलं.

निघताना आई माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "आणि आपल्या वाड्याला तुझ्या काकांनी कुलूप घातलंय, दिवाळीत साधी पणती लावू देत नाहीत." त्याने लगेच मोबाइल काढून ट्रेनचं टायमिंग बघायला घेतलं.