सायकली चोरीला जात नाहीत का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात आणि हायवेवरच्या फाट्यावर मिळून काही समाईक सायकली ठेवल्या आहेत. वहीत नाव लिहायचं, सायकल न्यायची, काम झालं की जागेवर आणून लावायची. किराया नाही. हे ऐकलं की माणूस नागपूरचा असो की यवतमाळचा, पहिला प्रश्न ठरलेला: "चोरीला जात नाहीत का हो?"

नाही जात. पण प्रश्न बिनबुडाचा नाही. ॲमस्टरडॅममध्ये १९६५ साली काही तरुणांनी सायकली पांढऱ्या रंगवून, कुलूप न लावता, सगळ्यांसाठी रस्त्यावर सोडल्या. त्या पोलिसांनीच उचलून नेल्या, कारण बिनकुलपाची सायकल रस्त्यावर ठेवणं तिथल्या नियमात बसत नव्हतं. अमेरिकेतल्या पोर्टलंडला १९९४ मध्ये पिवळ्या सायकली निघाल्या, त्यातल्या कित्येक गायब झाल्या. आपल्या पुण्यात २०१७-१८ च्या सुमारास ॲपवरच्या सायकली आल्या, त्यांची मोडतोड झाली आणि योजना गुंडाळली गेली. शहरात सायकल कोण घेऊन चाललंय हे बघणाऱ्याला माहीतच नसतं. कोपनहेगनने १९९५ मध्ये त्यावर तोड काढली: नाणं टाकलं की सायकल सुटते, परत लावली की नाणं हातात.

आमच्याकडे नाण्याचं काम चहाच्या टपरीवरची वही करते. टपरीवाल्या भाऊंना प्रत्येक पोरगं कोणाचं ते ठाऊक आहे. पूर्वी हिंगणघाट-आर्वीकडे तासाच्या किरायाने सायकली देणारी दुकानं असायची, मडगार्डवर ऑइलपेंटने नंबर घातलेला. त्याच सायकलींवर आमच्या आधीची पिढी कैची मारत शिकली. दुकानदार अनामत मागायचा नाही, बापाचं नाव विचारायचा. आम्ही नवीन काही शोधलेलं नाही.

खरी गंमत वेळेच्या हिशेबात आहे. फाट्यापासून गाव साडेतीन-चार किलोमीटर आत. लालपरी फाट्यावर सोडून निघून जाते, आत येत नाही. सकाळी कॉलेजच्या पोरी गावातून सायकलने फाट्यावर जातात, वही भरतात, बस धरतात. त्याच बसच्या उलट फेरीने तालुक्याहून आमच्या नर्सताई आणि शाळेतले दोन सर उतरतात. ते त्याच सायकली घेऊन गावात येतात. दुपारी कोणी आजीचं औषध आणायला नेतं, कोणी आठवडी बाजाराची पिशवी हँडलला अडकवून येतं. संध्याकाळी सर परत फाट्यावर, आणि पोरी त्याच सायकलने घरी. सायकल एकीच्याच मालकीची असती, तर दिवसभर फाट्यावर उन्हात तापत उभी राहिली असती. सगळ्यांची आहे म्हणून ती रिकामी फेरी मारत नाही. मला या कामात सर्वांत जास्त आनंद याचाच होतो.

आता काय जातं ते सांगते. ट्यूब जाते. पांदण रस्त्याला दोन्ही बाजूंनी बाभळी, आणि काटा असा की टायर आरपार. पावसाळ्यात काळी माती मडगार्ड आणि चाकाच्या मधे अशी गच्च बसते की काडीने उकरल्याशिवाय चाक हलत नाही. मे महिन्यात टंच हवा भरून सायकल उन्हात ठेवली तर ट्यूब फाटकन फुटते, म्हणून त्या दिवसांत हवा जराशी कमी ठेवावी लागते. हे सगळं आमच्या दुरुस्तीवाल्या काकाजींकडून शिकले. ते आधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधतात, मग घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबून बुडबुडा बघतात. काटा न काढता ठिगळ लावलं तर दोनशे मीटरवर पुन्हा तेच. चोरीचं विचारायला आलेल्या एका पाहुण्यांना ते म्हणाले, "चोर कुठं येते इथं साहेब, बाभळीचं काही करा."

सायकली आणल्या कुठून, हेही विचारता. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, शाळेपासून पाच किलोमीटरपर्यंतच्या गावांत. योजना चांगलीच आहे. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली दिल्या, आणि शाळा तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत त्याचा फायदा सर्वांत जास्त दिसला. पण मुलगी बारावी होते, लग्न होतं किंवा शिकायला बाहेर जाते, आणि सायकल गोठ्यामागे टेकून राहते. टायर सडतं, चेन गंजते. अशा सायकली घरच्यांना विचारून आम्ही घेतल्या. फ्रेम बहुतेक सगळ्यांची धडधाकट निघाली.

म्हणून नव्या सायकली देऊ का, असं कोणी विचारलं की मी नको म्हणते. लोकांना वाईट वाटतं. नवी सायकल दिली की हार घालून फोटो निघतो, पाठीमागे नावाची पाटी लावता येते, ठिगळावर नाव लिहिता येत नाही हे मला कळतं. पण काकाजींना महिन्याचा मेहनताना वेळेवर मिळाला नाही, तर चार आठवड्यांत अर्ध्या सायकली उभ्या राहतात आणि कॉलेजच्या पोरींची पहिली बस चुकते. द्यायचंच असेल तर तो मेहनताना वर्षभरासाठी द्या, आणि सोबत टायर-ट्यूब. आमच्या बहुतेक सायकलींना २६ इंची लागतात. पावसाळ्याआधी मिळाले तर फार बरं.