लेकरांच्या वहीतलं एआय: टाल्लिन ते औसा

१ सप्टेंबरला इथल्या, म्हणजे एस्टोनियातल्या, शाळा उघडल्या. त्या दिवशी राजधानी टाल्लिनच्या ट्राममध्ये जिकडंतिकडं लेकरं दिसतात, हातात शिक्षकांसाठी फुलं घेतलेली. माझी लेक यंदा दहावीत गेली. त्याच आठवड्यात पालकसभा झाली आणि तासभर चर्चा एकाच गोष्टीवर चालली, शाळेत एआय कसं वापरायचं. दहा दिवसांनी आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या आमच्या गावी होते, तर तिथंही विषय तोच निघाला. इकडं त्या प्रश्नामागं अख्खा देश उभा आहे, गावात माझा दादा एकटा.

एस्टोनिया हा देश केवढा, तर लोकसंख्या साडेतेरा लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत आपला एकटा लातूर जिल्हा २४ लाखांवर होता. १९९१ ला सोव्हिएत संघातून हे लोक सुटले आणि १९९६ ला त्यांनी शाळाशाळांत संगणक आणि इंटरनेट न्यायचं ठरवलं. त्या योजनेचं नाव टीग्रीह्युपे, म्हणजे वाघाची झेप. २०२५ मध्ये त्याच नावावरून टीआय-ह्युपे सुरू झाली. टीआय म्हणजे त्यांच्या भाषेतलं एआय. पहिल्या टप्प्यात दहावी-अकरावीची सुमारे २० हजार मुलं आणि ३ हजार शिक्षक. शिक्षकांचं प्रशिक्षण योजनेतच धरलंय, ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते.

सभेत लेकीच्या वर्गशिक्षिका म्हणाल्या, वापरलं तर कुठं आणि कशासाठी वापरलं ते खाली लिहायचं. आणि आपण लिहिलेलं समोर बसून समजावून सांगता आलं पाहिजे. बस्स, एवढंच. एक बाप उठून म्हणाला, मशीननं लिहिलेलं ओळखणारं सॉफ्टवेअर का घेत नाही? बाईंनी मान हलवली. त्या यंत्रावर विसंबून मी कुठल्याच मुलाला खोटं ठरवणार नाही, म्हणाल्या.

हे ऐकून मला किती हायसं वाटलं, काय सांगू. मागच्या वर्षी दुसऱ्या एका शाळेत माझ्या लेकीच्या इंग्रजी निबंधावर असाच शिक्का बसला होता. पोरगी रात्री जागून, शब्दकोश उघडून लिहीत होती, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. सॉफ्टवेअर म्हणालं, हे माणसाचं नाही. दोन दिवस ती जेवली नाही. नंतर मी वाचत गेले. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात सॉफ्टवेअर तपासली होती. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा विद्यार्थ्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे निबंध त्यांना दिले, तर निम्म्याहून जास्त निबंध यंत्रानं लिहिलेत असा चुकीचा निकाल आला. कारण साधं आहे. परकी भाषा जपून लिहिणारा माणूस ओळखीचे शब्द आणि सरळ वाक्यं धरून चालतो, आणि असं सरळ लिहिणं या सॉफ्टवेअरला यंत्राचं वाटतं. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयनं स्वतःचंच असं एक साधन जुलै २०२३ ला बंद केलं, त्याचे निकाल पुरेसे बरोबर येत नव्हते म्हणून. लातूर, परभणी, नांदेडातून मराठी माध्यमात शिकून पुढं बाहेर जाणारी आपली लेकरं नेमकी याच सापळ्यात सापडणारी आहेत. गुरुजींनो, कॉलेजातल्या सरांनो, कुठल्याही पोराला अशा टक्केवारीवरून चोर ठरवू नका. समोर बसवा आणि दहा मिनिटं विचारा.

आता गावाकडची गोष्ट.

दादा जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. १७ सप्टेंबर तोंडावर आला होता, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन आणि त्याआधी निबंध स्पर्धा. आठवीच्या वर्गाचे निबंध दादानं घरी आणले होते. बाहेर पाऊस, रानात सोयाबीन पाण्यात, आईच्या डोळ्यावर पट्टी. दादा ओसरीवर वाचता वाचता थांबला आणि एक कागद माझ्या हातात दिला. अक्षर माझ्या भाचीचं. मराठी अशी गुळगुळीत की आठवीतलं लेकरू बोलतंय असं एका ओळीतही वाटेना. त्यात आमच्या गावच्या एका हुतात्म्याचं नाव होतं, जन्मसाल होतं, रझाकारांसमोर काढलेले शेवटचे शब्दही होते.

"हा माणूस आपल्या गावात झालाच नाही," दादा म्हणाला. आणखी दोन घरांतल्या निबंधांतही गावचे हुतात्मे होते, पण प्रत्येकाचं नाव वेगळं. हैदराबाद संस्थान भारतात आलं ते साल एकीनं १९४७ लिहिलं होतं. पोलिस कारवाई १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झाली आणि १७ ला निजाम शरण आला, हे आमच्याकडच्या शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं असतं. भिंतीकडं न बघता पोरींनी मोबाईलकडं बघितलं.

भाचीला बोलावलं. ती घाबरली नाही, हे मला आवडलं. म्हणाली, "आत्या, त्याला विचारलं की तो लगेच सांगतो. नाही म्हणतच नाही." लेकरानं नेमकं बोट ठेवलं. हे यंत्र एका शब्दामागं कोणता शब्द शोभेल याचा अंदाज बांधत लिहितं. आमच्या गावाबद्दल कुणी लिहूनच ठेवलेलं नाही, म्हणून त्यानं शोभेल असं काहीतरी जुळवून दिलं.

दादानं काय केलं, ते लक्ष देऊन वाचा. त्यानं मोबाईल बंद करा असं म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी तिन्ही निबंध, नावं झाकून, फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले आणि वर्गाला विचारलं, यातला खरा हुतात्मा कोण? लेकरं आपसांत भांडली, मग गप्प झाली. मग दादानं सांगितलं, संध्याकाळी वेशीजवळच्या आजींकडं जायचं. आजी नव्वदीला टेकल्यात. मीही गेले.

आजी सांगत होत्या, रझाकारांची हवा उठली तेव्हा त्यांच्या बापानं जवारीचं पेव मातीनं बुजवलं, वरून कडबा टाकला आणि रातोरात बैलगाडी बार्शीकडं निघाली, कारण बार्शी निजामाच्या हद्दीबाहेर. भाचीनं विचारलं, पेव म्हणजे काय? आजींनी उठून अंगणात काठीनं गोल आखून दाखवला. इथं, एवढा खोल, आतून शेणामातीनं सारवलेला. लेकरं त्या गोलाभोवती बसली आणि वहीत चित्र काढू लागली. परत आल्यावर त्या पेवात जवारी सापडली का, असं एका पोरानं विचारलं. आजी म्हणाल्या, अर्धी सडली होती, अर्धी खाल्ली.

रात्री मी दादाला विचारलं, तू स्वतः एआय वापरतोस? वापरतो म्हणाला. टाचण काढायला, सरावाच्या प्रश्नपत्रिका करायला. चार वर्गांना दोन शिक्षक आणि वर ऑनलाइन माहिती भरायचा रेटा, नाही कसं वापरणार? मला त्यात गैर वाटत नाही, काढलेलं टाचण तो स्वतः वाचून दुरुस्त करतो. पण लेकरांना हे ठाऊक आहे का, म्हटल्यावर तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, एकदा पटाची यादीच ॲपमध्ये टाकली होती, नावं, जन्मतारखा, आईबापाचे मोबाईल नंबर, सगळं. तक्ता नीट करून मिळतो म्हणून.

इथं मी जरा कडक बोलले. आपल्याकडं २०२३ ला वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झालाय आणि अठराच्या आतल्या मुलांची माहिती हाताळायला आईबापाची संमती लागते, असं त्यात आहे. युरोपात तर एआयचा वेगळा कायदा आहे. शाळेत लेकरांच्या चेहऱ्यावरून भावना ओळखणारी यंत्रं लावायला तिकडं फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे, आणि परीक्षेचे गुण ठरवणारी एआय प्रणाली जास्त जोखमीची धरली जाते. पण कायद्याच्या आधीची गोष्ट ही की ऊसतोडीला गेलेल्या बापाचा नंबर त्यानं शाळेवर विश्वास ठेवून दिलेला असतो. दादानं ते मानलं. यापुढं नावं काढून नुसते हजेरी क्रमांक टाकेन, म्हणाला.

आमची पिढी लातूर पॅटर्नच्या सावलीत वाढली. उत्तर तयार पाहिजे, वेळेत पाहिजे, सराव चुकता कामा नये. त्या मेहनतीनं माझ्यासारख्या कितीतरी जणी गावाबाहेर पडल्या, मी ते विसरत नाही. पण तयार उत्तर आता खिशातल्या मोबाईलमध्ये बसलंय. आजींना विचारलेला पेवाचा प्रश्न त्यात नव्हता. तो भाचीच्या तोंडून आला, ती समोर बसली होती म्हणून.

परवा तिनं नव्यानं लिहिलेल्या निबंधाचा फोटो पाठवला. दादानं वर्गाला लावलेल्या नव्या नियमाप्रमाणं शेवटी पेन्सिलनं दोन ओळी होत्या: "शुद्धलेखन तपासायला एआयची मदत घेतली. त्यानं पेवचं पेय केलं होतं, मी परत पेव केलं."